मुलीचा प्रकल्प आणि आईचे चार प्रश्न

ज्यांच्या मुली नर्सिंगला आहेत, त्या मैत्रिणींसाठी आजचं हे पान. बी.एस्सी. नर्सिंगला संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो. पोरगी रात्री उशिरापर्यंत मोबाइल घेऊन बसते आणि शेवटी वैतागून म्हणते, "आई, काहीच मिळत नाही गं!" मग कुणीतरी सुचवतं, तयार प्रकल्प विकत मिळतो, घेऊन टाका. आपल्यालाही वाटतं, द्यावेत पैसे नि सुटावं.

तसं मुळीच करू नका. एक उदाहरण सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायची, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. घरोघरी सासू-सासऱ्यांची सेवा आपण तशीच केली. पण लाल झालेली, हाडावरची नाजूक कातडी चोळल्यानं आतल्या भागाला इजा होऊ शकते, म्हणून तिथं चोळू नका, असं आता मार्गदर्शक नियम सांगतात. जुन्या प्रकल्पावरून उतरवून काढणारी मुलगी ही जुनी रीतच वॉर्डात घेऊन जाईल, आणि त्रास होईल तो रुग्णाला.

आता शोधायचं कसं? इतवारीच्या किराणा ओळीत जाऊन आपण "काहीतरी द्या" म्हणत नाही, यादी नेतो. तशीच यादी इथंही हवी. पोळ्या लाटता लाटता मुलीला चार प्रश्न विचारा. रुग्ण कोण? त्याला काय करायचं? त्याऐवजी दुसरं काय करतात? आणि फरक कशात पाहायचा? उत्तरं एका ओळीत आली, की विषय हाती आला समजा.

मग त्यातल्या एकेका गोष्टीची सगळी नावं लिहायला सांगा. पाठीच्या जखमेला कुणी बेडसोअर म्हणतं, कुणी प्रेशर अल्सर, आणि 2016 पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी प्रेशर इंज्युरी हे नाव घेतलं. एकाच नावानं शोधलं तर बाकीचे लेख सुटतात. म्हणून सारख्या अर्थाच्या शब्दांमध्ये इंग्रजी 'ऑर' घालायचा आणि वेगवेगळ्या मुद्द्यांमध्ये 'अँड'. 'ऑर'नं यादी वाढते, 'अँड'नं आटोपशीर होते.

शोधायची जागाही फुकटची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं 'पबमेड' 1997 पासून सर्वांना खुलं आहे. तिथं बहुतेक लेखांचा सारांश मिळतो. 'फ्री फुल टेक्स्ट'वर खूण केली, की अख्खा लेख मोफत वाचता येईल असेच लेख समोर येतात. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर सापडतात. 'नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया' हे परिचारिकांच्या संघटनेचं नियतकालिक तर 1910 पासूनचं. त्याचे अंक आहेत का, ते कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारायला सांगा. मुली विचारायला लाजतात, पण वाट दाखवणं हे ग्रंथपालांचं कामच आहे. फक्त जाताना ती चार उत्तरांची ओळ लिहून न्यावी.

लेख मिळाला की लगेच उतरवायचा नाही. कुणी लिहिला, कोणत्या साली, किती रुग्ण पाहिले, हे आधी बघायचं. औषधाची बाटली घेताना आपण तारीख पाहतो ना, तसंच. विक्रीसाठी लिहिलेली जाहिरातवजा पानं बाजूला ठेवायची.

शेवटी एक वही करून द्या. प्रत्येक लेखाचं नाव, लेखक, नियतकालिक, साल, पानं, आणि खाली स्वतःच्या शब्दांत चार ओळी. लिहून झाल्या की मुलीला त्या मराठीत समजावून सांगायला लावा. आपल्याला कळलं नाही, तर बहुधा तिलाही पुरतं कळलेलं नसतं. तेवढा लेख तिनं पुन्हा वाचावा. यासाठी आईला इंग्रजी यायलाच हवं असं नाही, रोजची पंधरा मिनिटं मात्र काढायला हवीत.