विद्यार्थ्याचा पत्ता आणि विद्यार्थ्याचे मत

१९७४ साली गुजरातमधील नवनिर्माण आंदोलनाने तेथील मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हायला लावले आणि बिहारमधील विद्यार्थ्यांनी जयप्रकाश नारायण यांना पुन्हा राजकीय लढ्याच्या अग्रभागी आणले. त्या मिरवणुकांत चालणाऱ्या कितीतरी तरुणांना तेव्हा मताचा अधिकारच नव्हता. एकवीस वर्षांच्या आतला तरुण लाठी खाण्याइतका मोठा होता. मतपेटीपाशी जाण्याइतका मोठा नव्हता. ही विसंगती दूर व्हायला आणखी पंधरा वर्षे लागली. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील वयाची अट एकवीसवरून अठरावर आली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा वा मुलगी त्या दिवशी प्रथमच या देशाचे पूर्ण नागरिक झाले.

अधिकार मिळाला, परंतु तो बजावला जातो आहे काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी मतदार यादीत अठरा-एकोणीस वर्षे वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख मतदार होते. या वयाच्या लोकसंख्येच्या अंदाजाशी हा आकडा ताडून पाहिला, तर निम्म्याहून अधिक तरुणांची नावे यादीत आलेलीच नव्हती, असे दिसते. तरुणांना राजकारणात रस नाही, अशी टीका यावर लगेच होते. ती करणे सोपे आहे, कारण तिच्यात कोणावरच काही करण्याची जबाबदारी येत नाही. वास्तविक, अठरा वर्षांचा नागरिक हा नेमक्या याच वयात घर सोडतो. नांदेडची मुलगी पुण्यात येते, गडचिरोलीचा मुलगा नागपुरात, सिंधुदुर्गातील मुंबईत. आधारकार्डावर गावचा पत्ता असतो आणि माणूस शहरात असतो. मताधिकार वयाने मिळतो, पण तो बजावायचा असतो पत्त्यावर. ज्याला दोन पत्ते आहेत त्याच्याजवळ पुष्कळदा एकही मत नसते, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

या बाबतीत कायदा मात्र पुष्कळांना वाटतो त्याहून उदार आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम १९ नुसार नाव नोंदवण्यासाठी त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ असणे पुरेसे आहे. घराची मालकी असल्याने कोणी तेथील रहिवासी ठरत नाही आणि तात्पुरते बाहेरगावी गेल्याने कोणाचा रहिवास संपत नाही, हे कलम २० सांगते. वसतिगृहात वा खाणावळीत राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत निवडणूक आयोगाने स्पष्ट मुभा दिली आहे. त्याने आईवडिलांच्या घरी नाव नोंदवावे अथवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, निवड त्याची. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा, आणि अर्जासोबत प्राचार्य, कुलसचिव, संचालक वा अधिष्ठाता यांचा विहित नमुन्यातील दाखला जोडावा, एवढ्याच अटी आहेत. अर्ज नमुना ६ मध्ये करावयाचा. जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र चालते. ज्याचे नाव गावच्या यादीत आधीच आहे त्याने नवा अर्ज न करता स्थलांतरासाठी नमुना ८ भरावयाचा असतो.

येथे एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांना निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. दोन ठिकाणी नाव ठेवण्याची मुभा कायदा कोणालाही देत नाही. आपले नाव अन्यत्र नाही, असे खोटे लिहून देणे हा कलम ३१ खाली गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नाव कोठे ठेवावे, हा निर्णयही विद्यार्थ्याचाच असला पाहिजे. ज्याचे मन गावच्या पाण्याच्या आणि पीकविम्याच्या प्रश्नात आहे त्याने गावीच मत द्यावे. परंतु त्यासाठी मतदानाच्या दिवशी गावी पोहोचावे लागते, कारण विद्यार्थ्याला टपाली मतदानाची सोय नाही. २०२४ साली नांदेडला २६ एप्रिल रोजी आणि पुण्याला १३ मे रोजी मतदान झाले. परीक्षांच्या दिवसांत रात्रभराचा प्रवास करून एका मतासाठी जाणे सर्वांना परवडत नाही. जो तीन-चार वर्षे एका शहरात राहतो, तेथील बसने फिरतो, तेथील दवाखान्यात जातो, तेथील रस्त्यावरच्या दिव्यांवर जिची रात्रीची सुरक्षितता अवलंबून असते, त्याला आणि तिला त्या शहराचा नगरसेवक निवडण्याचा पूर्ण नैतिक अधिकार आहे.

वसतिगृहात जागा मिळालेला विद्यार्थी त्यातल्या त्यात भाग्यवान म्हटला पाहिजे. खरा प्रश्न आहे तो ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्यांचा. पुण्याच्या पेठांतून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे हजारो तरुण एकेका खोलीत चार-चार जण राहतात. त्यांना दाखला देणारे प्राचार्य नाहीत; घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करीत नाही; विजेचे बिल त्याच्या नावाचे असते. कागदोपत्री हे तरुण त्या शहरात राहतच नाहीत. तरीही मार्ग बंद नाही. पत्त्याचा ठराविक पुरावा नसेल तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करावी, अशी तरतूद आहे. पदपथावर झोपणाऱ्या बेघर माणसाकडे तर आयोग कागद मागतच नाही. संबंधित अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन तो माणूस खरोखरच तेथे झोपतो की नाही हे पाहावे, असा आयोगाचा निर्देश आहे. जे पदपथावरील माणसाला लागू आहे ते खोलीतील विद्यार्थ्याला नाकारण्याचे काहीही कारण नाही. अर्ज घेण्याच्या टेबलावर ‘भाडेकरार आणा’ असे उत्तर मिळाले, तर प्रत्यक्ष पडताळणीचा आग्रह धरणे आणि नकार लेखी मागणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे.

दुसरी अडचण तारखांची. पूर्वी १ जानेवारी ही वर्षातील एकमेव अर्हता तारीख होती आणि फेब्रुवारीत अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख धरली जाते, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. परंतु उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. स्थानिक निवडणुकांत तर ती त्याहून आधी गोठते. महाराष्ट्रात २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी आधारभूत धरण्यात आली. ज्यांनी प्रचाराची धामधूम पाहून नाव नोंदवण्याचे मनावर घेतले, त्यांच्यासाठी दार केव्हाच बंद झाले होते. सभेच्या मांडवात शेवटच्या क्षणी उघडलेल्या नोंदणी कक्षाचा उपयोग छायाचित्रापलीकडे फारसा नसतो तो यामुळेच.

तिसरा घोटाळा ओळखपत्राचा. खिशात कार्ड आहे म्हणजे मत आहे, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. यादीत नाव नसेल तर मतदार छायाचित्र ओळखपत्र दाखवूनही मत देता येत नाही. आणि यादीत नाव असेल तर ते कार्ड हरवले तरी आधार, पारपत्र, वाहन परवाना, पॅन कार्ड किंवा बँकेचे अथवा टपाल खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक यांपैकी कोणतेही एक दाखवून मत देता येते. घरपोच येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मान्य झालेल्या कागदपत्रांत सरकारी कर्मचाऱ्याचे ओळखपत्र होते, खासदार-आमदारांचे होते, महाविद्यालयाचे नव्हते. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या कुलसचिवांची सही वसतिगृहाच्या पत्त्यासाठी विश्वासार्ह आणि मतदान केंद्राच्या दारात मात्र निरुपयोगी, हे तर्काला धरून नाही. निदान शासकीय विद्यापीठांची छायाचित्रासह ओळखपत्रे त्या यादीत यावीत, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. ती मान्य होईपर्यंत मात्र केवळ कॉलेजचे कार्ड घेऊन रांगेत उभे राहू नये.

यादीतून नाव जाणे ही काही क्षुल्लक कारकुनी बाब नव्हे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तर भारतातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. घटनेने दिलेला अधिकार नोंदवहीच्या एका रकान्यात अडला. बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली, आणि ती कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी द्यावा लागला. मृत्यू, दुबार नोंद, कायमचे स्थलांतर ही कारणे कागदावर रास्त दिसतात. परंतु शिकण्यासाठी बाहेरगावी गेलेला मुलगा पडताळणीच्या दिवशी घरी नसतो, आणि ‘सापडला नाही’ व ‘कायमचा गेला’ यांतील अंतर एका शेऱ्याएवढेच असते. शिक्षण अर्धवट राहून लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतून जाते आणि सासरच्या यादीत येत नाही. दारिद्र्य, स्थलांतर आणि स्त्रीत्व यांची किंमत मतदार यादीत अशी मोजली जाते.

तेव्हा हे काम निवडणुकीच्या हंगामाचे नाही, वर्षाचे आहे. जुलैत प्रवेश सुरू होतात. त्याच वेळी प्रत्येक वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडून आणि प्राचार्यांकडून दाखल्यांची व्यवस्था करून घेता येईल. प्रत्येक अर्हता तारखेआधी महिनाभर अभ्यासिकांतून आणि खाणावळींतून दोन-दोन कार्यकर्त्यांनी संध्याकाळी बसावे, अर्ज समजावून द्यावा, पोच क्रमांक लिहून ठेवायला सांगावे आणि प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव आले की नाही हे विद्यार्थ्याबरोबर बसून तपासावे. अर्ज भरला म्हणजे काम संपले, या समजुतीने आजवर पुष्कळ श्रम वाया गेले आहेत.

आणि हे करताना तो विद्यार्थी कोणाला मत देणार, हा प्रश्न विचारू नये. आपल्या मतदारांचीच नावे नोंदवणारा कार्यकर्ता आणि दुसऱ्यांची नावे कापणारा कार्यकर्ता यांच्यात फक्त एका पायरीचे अंतर असते. नोंदवलेला तरुण उद्या विरोधात मत देईल, ही शक्यता स्वीकारूनच या कामाला हात घालावा लागतो. लोकशाहीवरील निष्ठेची याहून सोपी आणि याहून कठीण परीक्षा दुसरी नाही.