युरियाची शेवटची गोणी मोठ्या बांधणीला



निमगाव सावा भागात मक्याला नत्र वेळेवर पडतं. पेरणीला, महिन्यानं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. उसाला मात्र खत मिळेल तेव्हा आणि शेजारी टाकील तेव्हा, असं चालतं. हे बरोबर नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. ४५ किलोच्या युरिया गोणीच्या हिशेबानं लागणीला अर्धी, सहा ते आठ आठवड्यांनी दोन, बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धी आणि मोठ्या बांधणीला दोन. मिश्रखतातलं नत्र यातून वजा करावं. कुकडीचं आवर्तन लांबलं तर हप्ता थोडा पुढं न्यावा, पण कोरड्या सरीत युरिया फेकू नये. वाफशावर देऊन मातीआड करावा.

बांधणीनंतर मात्र गोणीला हात लावू नये. उशिराच्या नत्रानं ऊस हिरवागार दिसतो, पण पिकत नाही. लोळतो, नवे कोंब फुटतात, रसात साखर कमी भरते. एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर, एकट्याच्या फडावर नव्हे. म्हणजे एकाच्या उशिराच्या गोणीची झळ सगळ्या सभासदांना बसते.

गोण्या कमी करा, असं आम्ही म्हणत नाही. वेळ पाळा, एवढंच म्हणतो. लागणीच्या दिवशीच चारही हप्त्यांच्या तारखा वहीत मांडून ठेवाव्यात, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी