शस्त्राचा परवाना आणि दोन मापे

दरवर्षी २ जानेवारीला नेरळच्या हुतात्मा चौकात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या स्मृतीस पुष्पहार वाहिले जातात. १९४३ साली याच दिवशी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी दोघांना हौतात्म्य आले. माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले कोतवाल व्यवसायाने वकील होते. म्हणजे कायदा जाणणारे. तरीही आझाद दस्त्याच्या या नायकाने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले आणि परकीय सत्तेच्या लेखी गुन्हेगार होणे पत्करले. शस्त्राचा परवाना अशा तरुणांनी मागावा तरी कोणाकडे?

शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा अधिकारच होय, असे प्रतिपादन करताना या हुतात्म्यांचे नाव हमखास घेतले जाते. ते घेण्यापूर्वी थोडा इतिहास पाहिलेला बरा.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने देश निःशस्त्र केला आणि युरोपियनांना मात्र मोकळीक दिली. राष्ट्राला खरा सल होता तो या पंक्तिप्रपंचाचा. अहिंसेचे उपासक गांधीजीसुद्धा इंग्रजी राजवटीच्या काळ्या कृत्यांत या कायद्याची गणना करीत. १९३० साली व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या त्यांच्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला.

मग स्वतंत्र भारताच्या संविधानात तो का आला नाही? हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. वाटेल त्याने बाजारातून वाटेल ते हत्यार आणावे, असे झाल्यास राज्य चालणार कसे, हा त्यांचा सवाल होता. राष्ट्रासाठी शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, हक्क नव्हे, असा त्यांचा आशय होता. सभेने कौल दिला. अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने व विनाशस्त्र.

तेव्हा शस्त्र हा मूलभूत अधिकार नाही. परंतु म्हणून तो वजनदारांचा विशेषाधिकार होतो काय? १९५९ चा शस्त्र कायदा स्पष्ट सांगतो की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणास्तव कोणालाही परवाना नाकारता येणार नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची त्यात स्वतंत्र तरतूद आहे. रानडुकरांनी शेत उकरून टाकलेल्या शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली आहे. कमरेचे पिस्तूल चारचौघांत दिसावे म्हणून धडपडणाऱ्याची हौस मात्र कोणत्याही कलमात बसत नाही. (ती वशिल्यात बसते, हा भाग निराळा.) गोऱ्या कातडीच्या जागी वजन आले, तर लिटनचा कायदा खरोखर गेला असे म्हणता येईल काय?

विसंगती येथेच संपत नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल संजय दत्तची दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केली, तेव्हा त्याच्यासाठी क्षमेची याचना करणारे थोडेथोडके नव्हते. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू त्यांत अग्रभागी होते. हाच गुन्हा एखाद्या अनाम तरुणाने केला असता, तर हा कळवळा दाटून आला असता काय?

पण बोट दुसऱ्याकडेच दाखवून भागणार नाही. नेरळहून कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच उल्हासनगर आहे. तेथील हिललाइन पोलीस ठाण्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून भाजपचे तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. गोळ्या लागल्या त्या मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्याला, आणि त्याही पोलिसांच्या छताखाली. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. मात्र दत्तच्या वेळी कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांचा आवाज या वेळी खाली आला असेल, तर त्याला कोणते नाव द्यावे? त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पक्षाने उमेदवारी त्यांच्या पत्नीला दिली.

नेरळच्या शेतकऱ्याला परवान्यासाठी अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नकार आल्यास, लोकहिताचा अपवाद सोडता, मागणी करताच त्याची कारणे थोडक्यात लेखी मिळण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिलेला आहे. त्याविरुद्ध अपिलाचीही सोय आहे. हा अर्ज लिहून द्यायला, नकाराची लेखी कारणे मागायला आणि अपिलाची मुदत सांभाळायला त्याच्यासोबत अलिबागपर्यंत कोण जाते, हे पाहायचे आहे.