सेवा करणाऱ्यांची काळजी कोणी घ्यावी?

परिचारिका, डॉक्टर, शिक्षिका, समाजसेवक ही मंडळी दुसऱ्यांसाठी झिजतात, असे आपण कौतुकाने म्हणतो. झिजणे हा शब्द आपल्या भाषेत फार मानाचा आहे. चंदन झिजते, संत झिजतात, आई झिजते. परंतु झिजता झिजता चंदनाचे खोड संपते, तिकडे आपले लक्ष जात नाही. अमेरिकेत या प्रश्नाचा विचार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालला आहे. आपल्या मॉरिशसमधील मराठी घरांनी त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

न्यूयॉर्क शहरात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. जन्माने जर्मन ज्यू; हिटलरच्या छळातून लहानपणीच निसटून अमेरिकेत आलेले. दिवसभर ते स्वतःचे रोगी पाहत आणि संध्याकाळी ईस्ट व्हिलेज भागातील सेंट मार्क्स या मोफत दवाखान्यात जाऊन रात्री उशिरापर्यंत राबत. तेथे येणाऱ्यांत व्यसनांत सापडलेले तरुण पुष्कळ. होता होता त्यांच्या व सहकाऱ्यांच्या अंगातले त्राण गेले, चिडचिड वाढली, ज्यांच्यासाठी यायचे त्यांचाच वीट येऊ लागला. एकदा तर कुटुंबासह सुटीवर निघण्याच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना! तेव्हा त्यांनी निराळाच उपाय केला. टेपरेकॉर्डरसमोर बसून मनात येईल ते बोलून ठेवले आणि कोणी परका रोगी बोलतो आहे अशा कानांनी ते पुन्हा ऐकले. या अवस्थेवरील त्यांचा लेख १९७४ साली प्रसिद्ध झाला. तिला त्यांनी ‘बर्नआउट’ म्हटले. जळून कोळसा होणे, असे आपण म्हणू. कामचुकार माणूस असा जळत नाही. जो जीव ओतून काम करतो तोच आधी जळतो, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे.

आता तर जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आपल्या वर्गीकरणात याची नोंद घेतली आहे. तिच्या मते हा रोग नव्हे. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे.

पण थकलो असे म्हणायची सोय कोठे आहे? डॉ. लॉर्ना ब्रीन या न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात तातडीच्या विभागाच्या प्रमुख होत्या. २०२० च्या मार्च महिन्यात त्यांना स्वतःला कोविड झाला. त्यातून उठताच त्या पुन्हा कामावर गेल्या आणि थोड्याच दिवसांत पार कोसळल्या. मनासाठी उपचार घेतले हे कळले तर आपला परवाना जाईल, अशी धास्ती त्यांना वाटत होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी सांगितले आहे. एप्रिलच्या अखेरीस, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले. ही धास्ती निराधार नव्हती. तुम्ही कधी मानसिक उपचार घेतले होते काय, असा प्रश्न अमेरिकेत अनेक राज्यांच्या परवान्याच्या अर्जांत विचारला जात असे. त्यांच्या नातलगांनी हा विषय लावून धरला. मार्च २०२२ मध्ये ब्रीन यांच्या नावाचा कायदा झाला व आरोग्यसेवकांच्या मनःस्वास्थ्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला. अर्जांतील प्रश्न बदलण्याचे काम राज्याराज्यांतून पुढे चालू राहिले. अमेरिकेतील समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०२१ साली आपल्या आचारसंहितेत स्वतःची काळजी घेण्याचा उल्लेख घातला.

बॉस्टनची गोष्ट आम्हाला अधिक जवळची वाटते. केनेथ श्वार्ट्झ हे तरुण वकील १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आजारपणात परिचारिकांनी व डॉक्टरांनी दाखवलेल्या साध्या मायेने आपले दुःख सुसह्य झाले, हे त्यांनी लिहून ठेवले आणि जाण्यापूर्वी एका संस्थेचा पाया घातला. तिच्या प्रेरणेने रुग्णालयांत बैठका भरू लागल्या. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक सारे एकत्र बसतात. एखाद्या रोग्याविषयी बोलतात, पण कोणते औषध दिले यावर नव्हे, तर त्या प्रसंगाने आपल्या मनाचे काय झाले यावर. कोणी कोणाला उपदेश करीत नाही. अर्थात जेथे दहांचे काम सहांकडून करून घेतले जाते तेथे अशा बैठकीने किंवा योगासनांच्या वर्गाने काय होणार? माणसे वाढवणे, रजा देणे हे वरिष्ठांचेच काम.

आता आपल्याकडे पाहू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण मुलींना अभिमानाने सांगतो. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळवली. प्रकृती तेथेच खालावली होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीसावे वर्षही पुरे होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या. क्षयावर तेव्हा औषध नव्हते, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आपण ही कथा केवळ त्यागाची म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या ज्या बायका त्यांच्या हातून बऱ्या झाल्या असत्या, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

कांदोसच्या इस्पितळातून रात्रपाळी करून घरी आलेल्या सुनेला आपण काय विचारतो? बहुधा आज जेवायला काय करणार हेच. गणपतीच्या दिवसांत तर मोदकांचे सारणही तिच्याच वाट्याला येते, आणि ती ‘नको’ म्हणाली तर शेजारच्या मावशींची भुवई वर जाते. आमची सूचना साधी आहे. गावोगावच्या मंडळांनी महिन्यातून एका रविवारी तासभर आपले सभागृह या सेवाव्यवसायांतील मंडळींना द्यावे. भाषण नको, हारतुरे नकोत, अध्यक्षही नको. रोग्याचे वा विद्यार्थ्याचे नाव कोणी घेऊ नये आणि तेथे बोललेले दाराबाहेर जाऊ नये, एवढे दोनच नियम पुरेत. त्या तासापुरती घरची मुले सासरे सांभाळतील.