मनोविकाराची पहिली चाहूल

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून येणारे अतिसूक्ष्म कंपन टिपणे हे तिचे काम. असे यंत्र ज्या हिंगोली जिल्ह्यात उभे राहावयाचे आहे, तेथील तरुणांच्या मनात उमटणारी विकाराची पहिली कंपने टिपण्याची कोणती व्यवस्था आपण केली आहे, हा प्रश्न या निमित्ताने विचारला पाहिजे.

बारावीपर्यंत बरा शिकणारा एखादा मुलगा हळूहळू मित्रांना टाळू लागतो. रात्र रात्र जागतो. कोणी आपल्याला नावाने हाक मारल्याचे त्याला वाटते. पण तो भासच होता, हेही त्याचे त्याला कळते. पारावरची माणसे आपल्याविषयीच बोलत असावीत, असा संशय येतो आणि जातो. वडील म्हणतात, परीक्षेची धास्ती घेतली आहे. आजी म्हणते, बाहेरचे काही झाले आहे. चुलते म्हणतात, लग्न करून टाका, ताळ्यावर येईल. मग देवऋषी होतो, गंडेदोरे होतात. अखेर अन्नात विष कालवले आहे असे म्हणून त्याने जेवण सोडले, म्हणजे डॉक्टरची आठवण होते. उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितके रुग्णाचे सावरणे अवघड होते, हे मनोविकारशास्त्राने वारंवार दाखवून दिले आहे.

ही चाहूल पारखण्याची शास्त्रीय रीत आज उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी, अ‍ॅलिसन युंग प्रभृती तज्ज्ञांनी १९९४ साली अशा तरुणांसाठी स्वतंत्र दवाखाना काढला आणि पुढे मुलाखतीची एक शिस्तशीर पद्धती सिद्ध केली. भास वा संशय किती तीव्र आहे, किती वेळा येतो, किती काळ टिकतो, त्याचा त्रास किती होतो, हे तीत विचारले जाते. घराण्यात असा विकार आहे काय आणि शिक्षण वा कामधंदा ढासळला आहे काय, हेही पाहिले जाते. या परीक्षेला किमती यंत्र लागत नाही. निवांत खोली, तासाभराचा वेळ आणि ऐकण्याची तयारी असलेला जाणकार माणूस लागतो.

परंतु येथेच सावधगिरीही हवी. अशा रीतीने जोखमीचे ठरलेल्यांपैकी तीन वर्षांत पूर्ण विकार जडतो तो साधारण चौथ्या हिश्शास. उरलेल्यांस तो जडत नाही. हे प्रमाणदेखील आपण होऊन मदत मागावयास आलेल्यांचे आहे. शाळाशाळांतून सरसकट तपासणी केली, तर निष्कारण भयाचेच पीक येईल. म्हणूनच २०१३ च्या अमेरिकन रोगवर्गीकरणाने या अवस्थेस पक्क्या निदानाचा दर्जा न देता ती अधिक अभ्यासासाठी राखून ठेवली. केवळ प्रतिबंध म्हणून मनोविकारावरील प्रभावी औषधे देऊ नयेत, संवादोपचार द्यावेत, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तात्पर्य, ही परीक्षा म्हणजे शिक्का नव्हे. ती धीराने ठेवलेली नजर होय.

शिवाय ही परीक्षा परक्या भाषेत होऊ शकत नाही. संत नामदेवांच्या नर्सीचा हा जिल्हा. विठ्ठल आपल्याशी बोलला असे येथील भाविकाने म्हटले, अथवा जत्रेत एखादीच्या अंगात आले, तर तेवढ्याने तो विकार ठरत नाही. त्या अनुभवाने माणूस माणसांच्या जवळ जातो की त्यांच्यापासून तुटतो, हे पाहावे लागते. आणि ते इथली बोली, इथली घरे जाणणाराच पाहू शकतो.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. नुसती शंका आली म्हणून कळमनुरीचा वा सेनगावचा बाप मुलाला घेऊन नागपूर गाठील काय? मात्र २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे आठवड्यातून एक दिवस ‘युवा सल्ला केंद्र’ चालवावे. नोंदी गुप्त ठेवाव्यात. महिन्यातून एकदा डॉक्टरांनी तालुक्याच्या गावी जावे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्तींनी घरोघरी मनाची विचारपूस केली होती. त्यांना या पूर्वलक्षणांचीही ओळख करून द्यावी. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तो प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर असावा.

आजारी माणसांनाच डॉक्टर पुरत नाहीत, तेथे आजारी न पडलेल्यांचे लाड कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. पण उशिरा झालेल्या उपचारासाठी जमीन गहाण पडते, मुलाचे शिक्षण तुटते, बहिणीचे लग्न अडते. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. तो हक्क रोग बळावल्यावरच सुरू होतो, असे मानण्याचे कारण नाही. भास होत असूनही तो भास आहे हे ज्याला अजून कळते, त्याच्याशी बोलण्याची वेळ तीच असते. ती दवडल्यावर आपण बोलू, तेव्हा तो ऐकण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.