आधी झाड, मग कारखाना

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात गोठवलेल्या संत्रारसाचा भाव पौंडाला पाच डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो दोन डॉलरच्या आसपास होता. त्यानंतर चार महिने उलटायच्या आत तो निम्म्यावर आला, कारण महागलेली बाटली गिऱ्हाइकाने दुकानात तशीच सोडली आणि पुढचा हंगाम बरा येईल असा अंदाज जाहीर झाला. ही उलथापालथ घडली ती ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्यातल्या आणि त्याला लागून असलेल्या मिनास जेराइसच्या पट्टीतल्या बागांमुळे. विदर्भाच्या संत्र्याला रसाचा कारखाना हवा, ही मागणी आपल्याकडे दर निवडणुकीत होत आली आहे आणि तेव्हा ब्राझीलचा दाखला हमखास दिला जातो. तो दाखला पुरता वाचला पाहिजे. त्यात आपल्याला हवे ते जेवढे आहे, तेवढेच धास्तावणारेही आहे.

जगात देशोदेशी जाणाऱ्या संत्रारसापैकी जवळपास तीन चतुर्थांश रस एकट्या ब्राझीलचा असतो. आटवून दाट केलेला हा रस सांतोस बंदरात जहाजावर चढतो. तेलाची असतात तशी त्याची स्वतंत्र टँकर जहाजे आहेत. बेल्जियमचे गेंट किंवा हॉलंडचे रॉटरडॅम बंदर गाठले की तो शीतटाक्यांत उतरतो आणि तिथून युरोपभर वाटला जातो. फळाचे काहीही वाया जात नाही. सालीतून तेल निघते, ते अत्तरापासून साबणापर्यंत सगळीकडे जाते. उरलेला चोथा वाळवून त्याच्या गोळ्या होतात, त्या गुरांच्या खुराकात पडतात. एवढी शिस्त या धंद्याला एका दिवसात आली नाही.

त्याची सुरुवात ब्राझीलमध्ये झालीही नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला दूरच्या तळांवर न नासणारे क जीवनसत्त्व हवे होते. डब्यातला रस होता, पण त्याची चव सैनिकांच्या घशाखाली उतरत नव्हती. फ्लोरिडाच्या बागायतदारांच्या पैशावर चालणाऱ्या लिंबूवर्गीय फळ आयोगाच्या तीन शास्त्रज्ञांनी यावर उपाय शोधला. कमी तापमानात, निर्वातात रस गरजेपेक्षा जास्त आटवायचा, मग त्यात थोडा ताजा रस घालून तो हव्या दाटपणावर आणायचा आणि गोठवायचा. त्या थोड्या ताज्या रसाने गेलेली चव परत आली. १९४८ साली या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि ते अमेरिकी सरकारच्या नावे करण्यात आले, म्हणजे ज्याला हवी त्याने ती वापरावी. एवढा मोठा जागतिक धंदा शेतकऱ्यांच्या वर्गणीतून झालेल्या आणि सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या संशोधनावर उभा राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मग डिसेंबर १९६२ मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली आणि बागाच्या बागा करपल्या. अमेरिकी बाजाराला रस कमी पडला. कॉफीच्या पडत्या भावाने गांजलेल्या साओ पावलोच्या शेतकऱ्यांना तिथे वाट दिसली. पुढच्याच वर्षापासून ब्राझीलचा रस बाहेर जाऊ लागला. ऐंशीच्या दशकात फ्लोरिडाला पुन्हा पुन्हा थंडीने गाठले, तसतसा ब्राझीलचा हात वर होत गेला.

थंडीतून फ्लोरिडा सावरला. १९९७-९८ च्या हंगामात त्या राज्यात २४ कोटी ४० लाख पेट्या संत्री निघाली होती. पेटी म्हणजे ४०.८ किलो. २०२४-२५ मध्ये निघाल्या जेमतेम सव्वा कोटीच्या आसपास. वादळांनी, घरबांधणीच्या सोसाने नुकसान केलेच, पण मुख्य घाव घातला तो तिळाएवढ्या एका किडीने. तिला आपल्याकडे सायला म्हणतात. मूळ ती आशियातली. कोवळ्या पालवीतला रस शोषताना ती एक जिवाणू झाडात सोडते आणि झाडाला 'ग्रीनिंग' जडते. चिनी भाषेत या रोगाला पिवळ्या ड्रॅगनचा रोग म्हणतात.

रोगट झाडाचे पान हातात घ्या. जस्त कमी पडले की पान मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना सारखे पिवळे पडते. ग्रीनिंगमध्ये तसे होत नाही. एका बाजूला पिवळा डाग इथे, तर दुसऱ्या बाजूला भलतीकडेच, जणू कुणी ब्रश झटकला आहे. फळ उभे चिरले तर आतला दांडा वाकडा दिसतो, एक बाजू फुगलेली, दुसरी बसलेली, बिया काळ्या पडून वाळलेल्या. देठाकडून पिवळे होऊ लागलेले फळ खालच्या टोकाला हिरवेच राहते. पानात तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोचवणाऱ्या नळ्याच तुंबतात, म्हणून झाड आतून उपाशी मरते. औषध नाही. झाड उपटून जाळणे एवढाच उपाय, आणि शेजाऱ्याने तसे केले नाही तर आपण केलेलेही फुकट जाते.

ब्राझीलमध्ये हा रोग २००४ साली सापडला, फ्लोरिडात २००५ साली. दोन्हीकडे कीड तीच, रोगही तोच. फरक पडला तो वागण्यात. फ्लोरिडात रोग आढळला तेव्हा तो आधीच दूरवर पसरलेला होता. खते-पाणी वाढवून आजारी झाडांकडून आणखी काही वर्षे पीक घेता येईल, या आशेवर अनेकांनी ती ठेवली आणि त्या झाडांवरून कीड उडत राहिली. साओ पावलोत आराराक्वारा शहरात 'फुंडेसिट्रस' ही संस्था १९७७ पासून काम करते आहे. बागायतदार आणि कारखानदार दोघेही तिला पैसे पुरवतात. ती दरवर्षी झाडे तपासते, रोगाचा नकाशा काढते, पिकाचा अंदाज जाहीर करते. तिच्या सांगण्यावरून लाखो झाडे उपटली गेली आणि रोपे जाळीदार घरातच वाढवायची असा दंडक बसला. त्या जोरावर वीस वर्षे धंदा टिकला. तरीही २०२४ च्या पाहणीत शंभरातली ४४ झाडे रोगट निघाली, २०२५ मध्ये ४७ हून अधिक. त्यात दुष्काळ आणि उन्हाचा तडाखा, त्यामुळे २०२४-२५ चा हंगाम २३ कोटी पेट्यांवर थांबला. तीन दशकांहून अधिक काळात एवढे कमी पीक आले नव्हते. आता लागवड माटो ग्रोसो दो सुल या राज्याकडे सरकते आहे, जिथे रोगट झाड उपटणे सक्तीचे आहे.

ब्राझीलच्या यशाची दुसरी बाजू आपले पुढारी सांगत नाहीत. रसाचा बहुतेक धंदा तिथे तीन कंपन्यांच्या हाती आहे आणि त्यांच्या स्वतःच्याही अफाट बागा आहेत. झाडाला लागलेले फळ थांबत नाही, शेतकऱ्याला ते विकावेच लागते, आणि घेणारे तीनच. कंपन्यांनी संगनमताने फळाचे भाव पाडले, अशी तक्रार १९९९ पासून तिथल्या स्पर्धा आयोगापुढे होती. २०१६ साली ती तडजोडीने मिटली आणि त्यापोटी सुमारे ३० कोटी रेयाल भरावे लागले. त्या सतरा वर्षांत हजारो लहान बागायतदारांनी संत्र्याची झाडे काढून ऊस लावला होता. कारखाना दारात आला म्हणजे भाव आलाच, हा समज ज्यांचा आहे त्यांनी ही तडजोड डोळ्यांखालून घालावी.

२०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के आयातशुल्काची घोषणा केली, तेव्हा संत्रारस त्यातल्या मोठ्या वाढीतून वगळावा लागला. स्वतःच्या बागा फारशा उरल्या नाहीत, तर शुल्क कुणाच्या रक्षणासाठी लावायचे? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने रसातल्या साखरेची किमान पातळी साडेदहा टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. रोगट झाडाच्या फळात गोडीच भरत नाही, म्हणून नियमच खाली आणण्याची वेळ आली.

आता आपल्याकडे येऊ. साओ पावलोत जे फळ पिळले जाते ते आपल्या नागपुरी संत्र्याचे नव्हे, जालन्याच्या मोसंबीचे भावंड आहे. त्याची साल घट्ट, रस भरपूर, आणि लवकर, मध्यम व उशिरा पिकणाऱ्या जाती लावल्यामुळे कारखाना वर्षातले आठ-नऊ महिने चालतो. नागपुरी संत्रे अंगठ्याने सोलावे आणि फोड तोंडात टाकावी यासाठी घडलेले फळ आहे. त्याचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट लागू लागतो. घरी पाहुण्यांसाठी सकाळी काढून ठेवलेला रस दुपारी कुणी प्यायले नाही, हा विदर्भातल्या प्रत्येक गृहिणीचा अनुभव. बियांतले आणि पडद्यांतले एक द्रव्य हळूहळू रसात उतरून कडू होते. हा कडवटपणा काढता येतो, पण त्याला खर्च येतो, आणि कमी बियांच्या जाती लावल्या तर तो मुळातच कमी होतो.

तरीही वाट बंद नाही. अमेरिकी नियमांनुसार संत्रारसात दहा टक्क्यांपर्यंत आपल्या संत्र्याच्या जातकुळीच्या फळाचा रस चालतो. २०२४ च्या टंचाईत जागतिक फळरस संघटनेच्या अध्यक्षांनीही अशा फळांच्या रसाला वाव देण्याचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला होता. नागपूरच्या मिहानमध्ये मार्च २०२५ मध्ये पतंजलीचा प्रकल्प सुरू झाला आहे, त्याची क्षमता दिवसाला ८०० टन संत्र्यांची सांगितली गेली. म्हणजे कारखान्याची मागणी आता पुरी झाली आहे आणि प्रश्न पुढचा आहे. दिवसाला ८०० टन फळ किती दिवस मिळणार? आंबिया आणि मृग असे दोन बहार धरूनही मधले कित्येक महिने रिकामे जातात. चांगले फळ खाण्याच्या बाजारात जाते, कारखान्याच्या वाट्याला बारीक आणि डागी फळ येते. त्याचा भाव कोण ठरवणार, हे आजच कागदावर आले पाहिजे. उत्पादकांची एकजूट आपल्याला नवी नाही. 'नोगा' या नावातच नागपूरच्या संत्रा बागायतदारांचा संघ आहे, तो पुढे राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाच्या ताब्यात गेला आणि शेतकऱ्यांचा त्यातला शब्द गेला.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत तर विदर्भातल्या वरुड-मोर्शीच्या बागायतदारांनी मोजलीच आहे. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक. २०१९ साली तिथे किलोमागे २० टका शुल्क होते, २०२३ पर्यंत ते ८८ टका झाले. ट्रक जागेवर उभे राहिले, बागेतला सौदा मोडला, आणि राज्य सरकारला निम्म्या शुल्काचा भार उचलण्याची घोषणा करावी लागली.

पण या सगळ्याच्या आधी झाड आहे. सायला आपल्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ग्रीनिंगही आहे, शिवाय डिंक्या, कोळशी ही दुखणीही आहेत. ऐन आंबियात झाडाखाली गळून पडलेल्या फळांचा सडा पाहणारा बागायतदार औषधांच्या दुकानात धाव घेतो. त्याच्या दुखण्याचे मूळ अनेकदा दहा वर्षांपूर्वी आणलेल्या रोपात असते. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून, कलमासाठी कुठल्या झाडाचा डोळा बांधला आहे हे न विचारता, स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले ते रोप. आम्हाला वाटते, विदर्भाच्या संत्र्याचे भवितव्य मिहानपेक्षा या रोपवाटिकांत अधिक ठरणार आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये 'स्वच्छ रोप कार्यक्रम' मंजूर केला, १,७६५ कोटींहून अधिक रुपयांचा. त्यातले संत्र्याचे केंद्र नागपूरला व्हायचे आहे, आणि रोगमुक्त कलमांचे तंत्र तिथल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे आधीपासून आहे. राज्य सरकारने या केंद्राला जागा, माणसे आणि पैसा आधी द्यावा. परवाना नसलेल्या रोपवाटिका बंद कराव्यात, रोगट झाड उपटणाऱ्याला भरपाई द्यावी आणि आराराक्वाराच्या धर्तीवर दरवर्षी प्रत्येक तालुक्यातल्या बागांची पाहणी करून तिचे आकडे जाहीर करावेत. आणि बागायतदारांना आमची विनंती आहे: येत्या पावसाळ्यात रोपे घ्यायला जाल, तेव्हा डोळा कोणत्या मातृवृक्षाचा आणि रोप जाळीघरातले आहे की उघड्यावरचे, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर ते रोप घेऊ नका.