नंबर नेता येतो, मग पुरावा का नाही?

मोबाईल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभरातल्या ग्राहकाला मिळाला आहे. ‘ट्राय’ने नियम केला आणि कंपन्यांना तो पाळावा लागला. १९०० या क्रमांकावर एक मेसेज पाठवायचा, आलेला कोड नव्या कंपनीला द्यायचा, काम झाले. नंबर वापरणाऱ्याचा, कंपनीच्या बापाचा नव्हे, ही साधी गोष्ट मान्य झाली. पण फोनच्या आत जे साठले आहे त्याचे काय? मेसेज, फोटो, आवाजाच्या रेकॉर्डिंग, देण्याघेण्याच्या नोंदी हे सारे एका ऑपरेटिंग सिस्टिमवरून दुसरीवर, म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट, घेऊन जाण्याचा हक्क आमच्या डेटा कायद्याने आम्हाला दिलेला नाही. कंपनी जेवढी वाट ठेवील तेवढीच वाट.

हा पैसेवाल्यांचा विषय आहे, असे आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना वाटेल. तसे नाही. मंचर, नारायणगाव, आळेफाट्यापर्यंत वापरलेले आयफोन पोचले आहेत आणि कॉलेजात जाणारी आमची पोरे हप्त्यावर ते घेतात. घेऊ देत. चांगली वस्तू वापरण्याचा मक्ता कुणा एका वर्गाला दिलेला नाही. आमची हरकत आहे ती घाईला. जुना अँड्रॉइड दुकानदाराच्या हातात ठेवून किमतीतले दोन-तीन हजार कमी करून घ्यायचे आणि नवा फोन खिशात घालून निघायचे, या घाईत घराचे काय गेले ते महिन्यांनी कळते. नोकरदार माणसाकडे लॅपटॉप असतो, ऑफिसचा ईमेल असतो, कपाटात फाईल असते. मजुरी करणाऱ्याच्या घरात तो फोन हीच फाईल. मुकादमाने मजुरी बुडवली तर हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर. टोमॅटोच्या क्रेटचा भाव काय ठरला ते व्यापाऱ्याच्या आवाजी मेसेजमध्ये. बांधावर जातीवरून शिवीगाळ झाली तर ती पोराने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये.

आणि कोर्टात नेमके तेच लागते. घोडेगाव आणि जुन्नरच्या न्यायालयांत काम करताना आम्ही पक्षकाराला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की ज्या फोनवर हे रेकॉर्ड झाले तो फोन कुठे आहे? या प्रश्नामागे जालन्याचा एक खटला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वादाच्या मुळाशी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण होते. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल द्यायची असेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र लागणारच. मात्र मूळ उपकरणच कोर्टापुढे आणले आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते आपले असल्याचे सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे तो जुना, काच तडकलेला फोन हाच गरिबाचा सर्वांत भक्कम कागद ठरतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. आता प्रमाणपत्राची जागा कलम ६३ ने घेतली आहे आणि नमुन्याचे दोन भाग झाले आहेत. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक आणि नोंदीची हॅश व्हॅल्यू त्यात लिहावी लागते. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाईलमध्ये एक अक्षर बदलले की ठसा बदलतो. आता विचार करा, फोन विकून सहा महिने झाले, दुकानदाराने तो पुसून कुणाला तरी दिला, तर हा नमुना भरायचा कशाच्या आधारावर? नव्या फोनवर चॅट आलेले असले तरी समोरचा वकील उलटतपासणीत विचारणारच, की मधल्या वाटेत काय गाळले, काय घातले? उत्तर देता येते, पण जे काम पाच मिनिटांत झाले असते त्याला दोन तारखा जातात. तारखेला येणाऱ्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे वेगळे सांगायला नको.

आंबेगाव तालुक्याला हे स्थलांतराचे दुःख शिकवावे लागत नाही. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव उठते तेव्हा भांडीकुंडी डोक्यावर घेऊन जाता येतात. पण कुणाचे घर कुठे होते, कुणाची जमीन किती होती, हे सांगणारा कागद ज्याने जपला त्याला पुनर्वसनाच्या कचेरीत तोंड उघडता येते.

जुन्नरकरांना दुसरा दाखला जवळचा वाटेल. इथल्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद दगडात कोरलेली आहे. नोंद जागच्या जागी होती, कुणी पुसलीही नव्हती. पण ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती उलगडेपर्यंत अशा नोंदी मुक्या राहिल्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपचे तसेच आहे. अँड्रॉइडचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचे दुसऱ्याला वाचता येत नाही. नोंद आहे, पण मुकी आहे. “बॅकअप घेतलाय ना, मग काळजी नाही,” असे दुकानातला पोरगा छातीठोकपणे सांगतो, त्यावर विसंबू नका.

मग तयारी काय करायची? अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना ‘मूव्ह टू आयओएस’ नावाचे अ‍ॅप लागते. २०२२ पासून त्यातून व्हॉट्सअ‍ॅपही नेता येते. पण आयफोन कोरा हवा, म्हणजे नवा किंवा पूर्ण पुसलेला. आधी आयफोन सुरू करून, फोटो काढून, आठवड्याने चॅट आणायला गेलात तर पुन्हा सगळे पुसावे लागते. दोन्ही फोन चार्जिंगला लावायचे, एकाच वायफायवर आणायचे. भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत वायफाय कुठले, असे कुणी म्हणेल. त्यांनी हे काम तालुक्याच्या गावी नातेवाइकाकडे बसून करावे, दुकानाच्या काउंटरवर नव्हे. काय आले आणि काय राहिले ते जुन्या फोनशी ताडून बघावे. खटल्याशी संबंधित चॅट असेल तर त्याआधीच ते ‘एक्सपोर्ट’ करून वकिलाकडे द्यावे. वापरलेला आयफोन घेताना आधीच्या मालकाने आपले अ‍ॅपल खाते काढले आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. नाहीतर तो फोन म्हणजे चकचकीत पाटी.

बाकीचे थोडक्यात. डिजिलॉकरमधली कागदपत्रे फोनमध्ये नसतात, ती नव्या फोनवर पुन्हा उघडतात. यूपीआय नव्याने जोडावे लागते आणि त्यासाठी बँकेत नोंदवलेले सिम नव्या फोनमध्ये हवे. आयफोन फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात साठवतो, तर सरकारी पोर्टल बहुधा जेपीजी किंवा पीडीएफ मागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्यांनी कॅमेऱ्याची ती सेटिंग आधीच बदलून घ्यावी. आणि आयफोनवर कॉल रेकॉर्ड करता येतो, पण समोरच्याला तशी सूचना ऐकू जाते. धमकीचे फोन येत असतील त्यांनी हे ध्यानात ठेवूनच जुना फोन कधी बंद करायचा ते ठरवावे.

हे झाले स्वखुशीने बदलणाऱ्यांचे. ज्यांच्यावर बदल लादला गेला त्यांची दखल कुणी घेतली? २०१७ साली १,५०० रुपये अनामत घेऊन जिओफोन आला, तो काय-ओएस या सिस्टिमवर चालणारा. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले. जून २०२४ पासून काय-ओएसवर व्हॉट्सअ‍ॅप नव्याने घेणे बंद झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला ते चालणेच थांबले. बटनांचा फोन वापरणाऱ्या माणसाला कुणी विचारले नाही. त्याच्या बोलण्याची, हिशेबाची वर्षे त्या फोनमध्ये राहिली.

हे असेच चालावे, असा काही निसर्गनियम नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने, होय, १९९२-९३ च्या मुंबई दंगलींचा अहवाल देणाऱ्या त्याच श्रीकृष्णांच्या, २०१८ मध्ये माहिती संरक्षण कायद्याचा जो मसुदा दिला त्यात आपला डेटा एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. सरकारच्या २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२२ मध्ये ते विधेयक मागे घेतले गेले आणि २०२३ चा जो कायदा संसदेने मंजूर केला त्यातून हा हक्क गायब झाला! आपल्या माहितीचा गोषवारा मागता येतो, दुरुस्ती मागता येते, ती पुसून टाकायला सांगता येते. घेऊन जाता येत नाही. युरोपातल्या नागरिकाला २०१८ पासून जे मिळते ते भारतीयाला का नको, याचे उत्तर कुणी द्यायचे? नंबर नेण्याचा नियम झाला तेव्हा दूरसंचार कंपन्या बुडाल्या नाहीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. बोलायचे तर आताच. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुके शिरूर लोकसभा मतदारसंघात येतात. तिथल्या खासदारांना द्यायच्या निवेदनात आम्ही दोनच मागण्या घातल्या आहेत: डेटा नेण्याचा हक्क कायद्यात परत आणा, आणि एखादी सिस्टिम किंवा अ‍ॅप बंद करण्यापूर्वी वापरणाऱ्याला त्याच्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात काढून देण्याची सक्ती कंपन्यांवर करा. मसुदा तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कोर्टाच्या कामकाजाच्या दिवशी घोडेगावला किंवा जुन्नरला आवारात भेटावे. येताना जुना फोन घेऊन आलात तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक तिथेच वहीत लिहून देऊ.